तंबोऱ्यासारखा सांभाळावा लागणारा सिंथेसायझर

संगणकावर हजारो आवाज हाताशी असताना चाळीस वर्षांपूर्वीचे जड, खर्चिक आणि लहरी वाद्य घरात कशासाठी बाळगायचे? जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर जपणाऱ्या संगीतकारांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर या वाद्याच्या घडणीत दडलेले आहे.

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला नसतो. त्यातील ऑसिलेटर विद्युत कंपने निर्माण करतो आणि फिल्टर त्यातला नको तो भाग गाळून टाकतो. विद्युतदाब वाढला की स्वर चढतो. मात्र तापमान बदलले की आतील ट्रान्झिस्टरचे वर्तनही बदलते आणि स्वर किंचित ढळतो. त्यामुळे वादनापूर्वी वाद्य काही वेळ सुरू ठेवून, तंबोऱ्याप्रमाणे सुरात आणावे लागते. दोन ऑसिलेटर तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच स्वराला भरीवपणा येतो. अनेक वादकांना हा दोषच वाद्याचा प्राण वाटतो.

या वाद्यांच्या मालकीचे मोल मुंबईत एका वादकाने फार पूर्वी दाखवून दिले. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये सिंगापूरमध्ये मिळवली. ज्युपिटर-८ हा १६ ऑसिलेटरचा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या साथीचे छोटे यंत्र. ही तिन्ही एकाच लयीत बांधता येतात, हे लक्षात आल्यावर १९८२ मध्ये त्यांनी तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर भैरवी, ललित, यमन, मालकंस आदी दहा राग वाजवले.

टीबी-३०३ हे खरे तर बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेले यंत्र. त्या कामात ते अपयशी ठरले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय मींडेच्या जवळ जाणारी होती. सिंग यांचा अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतील 'फ्युचर' या चमूने याच यंत्रावर केलेली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध केली आणि 'अ‍ॅसिड हाऊस' ही शैली रूढ झाली. सिंग यांचा अल्बम २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष त्याकडे गेले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशी वाद्ये सांभाळणे सोपे नाही. कपॅसिटर सुकतात, नॉब खरखरतात, जुन्या चिप दुर्मीळ झाल्या आहेत. टीबी-३०३ची स्मृती बॅटरीवर अवलंबून असते. बॅटऱ्या संपल्या की रचलेल्या स्वरावली पुसल्या जातात. नॉबच्या जागाही त्यात साठवता येत नाहीत. कालचा आवाज आज पुन्हा कानानेच शोधावा लागतो. रोलँडने २०१६ मध्ये त्याची डिजिटल आवृत्ती काढली. ती स्वस्त आहे, टिकाऊही आहे. तरीही मूळ यंत्राची किंमत चढीच राहिली.

यात हौस आणि प्रतिष्ठा यांचा वाटा आहेच. परंतु हे वाद्य कशासाठी बनवले, यापेक्षा त्यातून काय काढता येईल याचा शोध वादकाने घेतला, तरच ते बाळगण्याला अर्थ उरतो. अन्यथा ते केवळ कपाटातील एक महागडी वस्तू ठरते.