जिन्याचे लाकडी आच्छादन

जिन्याचे लाकडी आच्छादन म्हणजे काँक्रीटच्या, दगडी वा जुन्या लाकडी पायऱ्यांवर फळ्या बसवून तयार केलेला नवा पृष्ठभाग. जुन्या वाड्यांतील माडीचा जिना बहुधा मुळातच लाकडाचा असे. तेथे फळी हीच पायरी होती. काँक्रीटच्या जिन्यावर मात्र फळी हा केवळ वरचा थर असतो आणि या कामातील मुख्य अडचण त्यातूनच उद्भवते.

उंचीचा प्रश्न

जिना चढणारा मनुष्य प्रत्येक पायरीकडे पाहत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरून पावलाला उंचीचा अंदाज येतो व पुढे ते त्याच सवयीने पडते. त्यामुळे उंचीतील लहानसा फरकही ठेच लागण्यास पुरतो. समजा, पायऱ्या १६.५ सेंमी उंच आहेत व त्यांवर २ सेंमी जाडीची फळी बसवली. मधल्या पायऱ्या सारख्याच वर उचलल्या गेल्याने त्यांच्यातील अंतर बदलत नाही. परंतु खालची जमीन आणि वरचा मजला पूर्वीच्याच पातळीत राहिल्यास पहिली पायरी १८.५ सेंमी, तर शेवटची १४.५ सेंमी होते. उतरताना हा फरक विशेष धोक्याचा, वृद्धांना तर फारच. दोन्ही मजल्यांवर तेवढ्याच जाडीचा थर देणे किंवा पायऱ्यांवरील जुनी फरशी आधी उखडणे, हे त्यावरचे उपाय होत. फळ्या चिकटवल्यावर यांपैकी काहीही करणे महागात पडते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंमी आणि रुंदी किमान २५ सेंमी सांगितली आहे.

बसवणी

पायऱ्या भिंतीशी नेमक्या काटकोनात क्वचितच असतात. एकाच मापाने सर्व फळ्या कापण्याचा मोह सुताराने टाळावा. गुण्या व पाणसळ लावून प्रत्येक पायरीचे माप स्वतंत्र घ्यावे, किंवा पुठ्ठ्याचा नमुना कापावा. सामान्यतः उभी फळी प्रथम बसवून आडवी फळी तिच्यावर किंचित पुढे काढतात. खोलीत लॅमिनेटच्या फळ्या न चिकटवता एकमेकींत अडकवून पसरता येतात. जिन्यावर त्या पक्क्या चिकटवाव्याच लागतात, अन्यथा पायाखाली सरकतात.

लाकूड दमट हवेत आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्या काही दिवस त्याच घरात ठेवून मग कापतात, आणि काँक्रीट ओले असताना काम सुरू करत नाहीत. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने चिकटवण्यापूर्वी त्याची मागची बाजू थिनरने पुसून घेतात. चकचकीत पॉलिश दिसायला सुंदर असले, तरी पायरीच्या कडेला घसरणरोधक पट्टी वा खाच आवश्यक असते.