लिबर्टेरियन विचार : आपल्याला किती पटतो?

माणसाचं शरीर, त्याचं मत आणि त्याची कमाई यांवर पहिला हक्क त्याचाच. दुसऱ्यावर बळजबरी किंवा त्याची फसवणूक होत नसेल, तर सरकारने मध्ये पडू नये. लिबर्टेरियन विचाराचं हे सार. अमेरिकेत १९७१ साली या विचाराचा पक्ष निघाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक, डेव्हिड नोलन यांनी राजकीय मतांचा दोन अक्षांचा तक्ता मांडला. एका अक्षावर वैयक्तिक स्वातंत्र्य, दुसऱ्यावर आर्थिक. डावे-उजवे या सरळ रेषेत न बसणाऱ्यांनाही त्यात जागा मिळाली.

आपलं मत तपासायचं, तर प्रश्न सुटे करून घ्यावेत. सज्ञान व्यक्तीने कोणाशी लग्न करावं, काय वाचावं, हे सरकारने ठरवू नये, हे मला पूर्ण पटतं. शेतकऱ्याच्या मालावर निर्यातबंदी नको, हेही पटतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ते महाराष्ट्रात ठासून मांडलं. पण लिबर्टेरियन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४च्या ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या पुस्तकात श्रमाच्या कमाईवरचा कर सक्तमजुरीच्या पंक्तीला बसवला. इथे मी थांबते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली लस आणि जिल्हा परिषदेची शाळा यांचा खर्च करातूनच भागतो. त्यांच्याविना गरिबाच्या मुलाचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं.

प्रत्येक प्रश्नाला एक कसोटी लावावी : आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही आपण हाच हक्क देऊ का? उत्तर ‘हो’ असेल, तरच ते तत्त्व. नाहीतर ती फक्त आपली सोय.