थरार हवा, म्हणून दगा सोसायचा?

१९६२ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोटस या छोट्या ब्रिटिश कंपनीनं ‘एलान’ ही दोन आसनी गाडी मांडली. वजन जेमतेम ६८० किलो, इंजिन, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, १५५८ सीसीचं. वळणावर ती इतकी अचूक वागायची की तिचं स्टिअरिंग आजही मापदंड मानलं जातं. ‘मॅक्लॅरन एफ१’ घडवणारे अभियंते गॉर्डन मरी यांनी तिचं वारंवार जाहीर कौतुक केलं आहे. याच एलानचे हेडलाइट मात्र निर्वात दाबावर उघडायचे. इंजिन हवा ओढून घेतं, तो ओढा साठवायला चासीचाच पुढचा आडवा पोकळ भाग टाकीसारखा वापरला होता. सुरुवातीच्या गाड्यांत कुठं बारीकशी गळती झाली, की चालत्या गाडीचे दिवे हळूहळू खाली बसायचे. बॉडी फायबरग्लासची असल्यानं तिच्यातून वीज परतत नसे. दिव्यांच्या अर्थिंगसाठी वेगळ्या तारा लागत आणि त्यांचे जोड गंजले की प्रकाश मंदावे.

अशा गाड्यांचे मालक या तक्रारी रागानं कमी आणि कौतुकानं जास्त सांगतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपल्याकडे म्हणतातच. पण विज्ञानाच्या अंगानं पाहिलं तर एक साधा प्रश्न उरतो: दुधाचा आणि लाथांचा खरोखर संबंध असतो का?

मोडतोडीचं गणित

गाडी म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या भागांची साखळी. समजा, एक हजार भाग आहेत आणि त्यातला कुठलाही एक बिघडला तरी गाडी थांबते. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९.९ टक्के आहे. ऐकायला उत्तम. पण या हजार शक्यतांचा गुणाकार केला, तर अख्खी गाडी वर्षभर विनातक्रार चालण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. तीच प्रत्येक भागामागे ९९.९९९ टक्क्यांवर नेली, तर गाडीची शक्यता ९९ टक्क्यांवर पोहोचते. भरवशाची गाडी आणि रडवणारी गाडी यांतलं अंतर असं दशांश चिन्हाच्या उजवीकडे दडलेलं असतं. चालवताना ते हाताला जाणवत नाही.

थराराला किंमत नसते, असं मात्र नाही. इंजिनातला पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थांबवण्यासाठी लागणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मिनिटाला ६००० ऐवजी ८००० फेरे करायचे ठरवले, तर कनेक्टिंग रॉडवरचा ताण पावणेदोन पटींहून जास्त होतो. शिवाय धातू थकतो. एका झटक्यात जो भार सहज पेलतो, तोच लाखो वेळा पडला की त्याला सूक्ष्म तडा जातो. जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. ताण थोडा वाढला तरी आयुष्य खूप घटतं, हा त्यातला कळीचा धडा.

पण याच भौतिकशास्त्रात उत्तरही आहे. होंडानं १९९० साली ‘एनएसएक्स’ विक्रीला आणली. तिचं इंजिन ८००० फेऱ्यांपर्यंत चढायचं आणि त्यासाठी कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते: वजनाला हलके, ताकदीला भक्कम. ही सुपरकार रोज ऑफिसला नेता यावी, असाच कंपनीचा आग्रह होता. गॉर्डन मरी यांनी मॅक्लॅरन एफ१ घडवताना तिलाच नमुना मानलं. म्हणजे ताण वाढला, तर त्याची किंमत दोन ठिकाणी चुकती करता येते. एक तर कारखान्यात चांगला धातू, काटेकोर मापं आणि चाचण्या यांवर. नाही तर नंतर, मालकाच्या खिशातून, गॅरेजमध्ये.

हिरोशिमाचं उत्तर

या वादाचा सर्वांत स्वच्छ प्रयोग हिरोशिमाच्या माझदा कंपनीनं केला. बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकारानं १९७९च्या सुमारास कंपनीतल्या केनिची यामामोतो यांच्याकडे आग्रह धरला होता: जुन्या ब्रिटिश धाटणीची, हलकी, उघड्या टपाची गाडी आज कुणीच करत नाही, ती करा. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती साकारली आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५ मियाटा’ म्हणून लोकांपुढे आली.

एलानचा तिच्यावरचा प्रभाव लपलेला नाही. तसंच १.६ लिटरचं, दोन कॅमशाफ्टचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वर उघडणारे दिवे. पण दिवे आता विजेच्या मोटरवर चालत होते. एलानच्या मागच्या चाकांकडे ताकद रबरी कपलिंगांतून जायची. क्लच सोडताना ती पिळवटायची आणि गाडी हिसका द्यायची. माझदानं गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका ॲल्युमिनियमच्या चौकटीनं जोडून टाकले. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच प्रतिसाद चाकांपर्यंत थेट पोहोचू लागला. म्हणजे इथे मजबुतीमुळे थरार वाढला.

किंमत मोजावी लागलीच. पोलादी बॉडी आणि नव्या काळाचे सुरक्षा नियम यांमुळे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास गेलं. दोषही सुटले नाहीत. सुरुवातीच्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली सैल होऊन तिला जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजायची, म्हणून १९९१मध्ये ते टोकच जाड करण्यात आलं. तरीही गाडी चालवण्याचा आनंद तसाच राहिला. २०१६मध्ये या मालिकेची दहा लाखावी गाडी तयार झाली.

मालकाचं मन

मग मालक दोषांना ‘स्वभाव’ का म्हणतात? मानसशास्त्राकडे याचं उत्तर आहे. १९५९मध्ये एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्याआधी अवघडून टाकणारी परीक्षा द्यायला लावली. नंतर त्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी होती. तरी कठीण परीक्षा दिलेल्यांना ती अधिक रंजक वाटली. ज्यासाठी त्रास सोसला ते वाईट कसं असेल, अशी मन स्वतःची समजूत घालतं. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांच्या २०१२च्या अभ्यासात स्वतःच्या हातानं जोडलेल्या वस्तूंची किंमत लोकांनी जास्त लावलेली दिसते. रविवारी बॉनेट उघडून कार्ब्युरेटर साफ करणाऱ्याचं प्रेम त्यातूनही वाढतं.

विद्युत गाड्यांच्या जमान्यातही हे दिसलं. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या पाहण्यांत टेस्ला काही वर्षं भरवशात मागे आणि मालकांच्या समाधानात पुढे होती. शिवाय, ज्यांना वैताग आला त्यांनी गाडी विकलेली असते. उरतात ते सोसणारे, आणि गाडीबद्दलचं लोकमत त्यांच्याच बोलण्यातून बनतं.

हे प्रेम खोटं नाही. त्यातून होणारी गुणदोषांची गल्लत मात्र महाग पडते. कडक सस्पेन्शन, जड क्लच, कानात भरणारा एक्झॉस्ट हे गाडीचे गुण आहेत. ते कुणी जाणून स्वीकारतो. गळणारं ब्रेक ऑइल, अंधारात मिटणारा दिवा, रस्त्यात बंद पडणारं इंजिन हे दोष आहेत. त्यातल्या काहींवर माणसाचा जीव अवलंबून असतो. गाडी घेताना, चालवताना, दुसऱ्याला शिफारस करताना या दोन याद्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

क्रँकशाफ्टचं टोक जाड झालं ते कुणीतरी त्या झिजेला स्वभाव न म्हणता दोष म्हटलं म्हणून. मालकानं हसून सोडून दिलेली चूक पुढच्या मॉडेलमध्येही तशीच जाण्याचा धोका असतो. वॉरंटीच्या कागदावर नोंदलेली तक्रार मात्र कारखान्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून ज्याचं आपल्या गाडीवर मनापासून प्रेम आहे, त्यानंच सर्वांत खणखणीत तक्रार करायला हवी.