चार महिन्यांचा कंदील

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राशेजारून वाहणारी गोदावरी ज्या डोंगरांतून उतरते, तिथेच ब्रह्मगिरीला लागून अंजनेरी उभा आहे. एकलहऱ्याहून निघून नाशिक ओलांडलं आणि त्र्यंबकचा रस्ता धरला, की तास-दीड तासात पायथा गाठता येतो. डोंगराची उंची सुमारे १,३०० मीटर, म्हणजे हिमालयाच्या हिशोबात टेकाडच. पण वरच्या पठारावरच्या झाडांचे हाल हिमशिखरांवरच्या झाडांपेक्षा फार वेगळे नाहीत. कातळावर जेमतेम वीतभर माती, पावसाळ्यात उभं राहू न देणारा वारा आणि दिवाळी सरली की सगळं कोरडं ठणठणीत. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं ते चार महिन्यांत.

या घाईत गवताच्या आडोशाने वर येते सेरोपेजिया अंजनेरिका. मालपुरे, कांबळे आणि यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तिचं वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध केलं आणि डोंगराचंच नाव तिला दिलं. सेरोपेजियाच्या फुलांना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. लिनिअसला मात्र त्यात मेणाचं कारंजं दिसलं होतं आणि त्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने हे नाव ठेवलं. मला आपला कंदील जास्त पटतो. खाली फुगीर बुड, वर निमुळती नळी आणि टोकाला पाकळ्यांचा पिंजरा.

हा कंदील म्हणजे खरं तर माश्यांसाठी लावलेला सापळा. वासाने ओढली गेलेली बारकी माशी नळीत घसरते. आत खालच्या बाजूला वळलेले केस असतात. उतरताना ते वाट देतात, चढताना अडवतात. बुडाशी अडकलेल्या माशीच्या अंगाला परागपुंज चिकटतात. काही काळाने केस सुकतात, फूल मान टाकते आणि कैदी सुटतो, तो बहुधा दुसऱ्या कंदिलात शिरण्यासाठीच! या कुळीची थापेबाजी किती पुढे जाते पाहा: आफ्रिकेतल्या एका सेरोपेजियाला जखमी मधमाशीसारखा वास येतो आणि मेलेल्या मधमाश्यांवर ताव मारणाऱ्या माश्या त्याला भुलतात, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

सेरोपेजिया आणि रुई एकाच कुळातल्या. शेंग उकलली की रुईसारखीच रेशमी झुपक्याची बी वाऱ्यावर निघते. अंजनेरी हे हनुमानाचं जन्मस्थान मानलं जातं. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या भाविकांना रुईची ही दुर्मीळ भावंडं इथेच पायाखाली आहेत, हे सहसा ठाऊक नसतं.

ठाऊक असणार तरी कसं? गर्दीची हनुमान जयंती येते चैत्रात, आणि तेव्हा झाडाचा जमिनीवर मागमूसही नसतो. जिवंत असतो तो मातीतला कंद. वणवा लागतो तो याच कोरड्या दिवसांत. सेरोपेजियाचे कंद रानडुकरं आणि साळिंदरं उकरतात, काही जातींचे माणसंही खातात. पावसाळ्यात कोवळे शेंडे गुरांच्या तोंडी जातात, ते वेगळंच. अतिसंकटग्रस्त मानल्या जाणाऱ्या या जातीला एवढ्याशा जागेत हे सगळं सोसायचं आहे.

२०१७ मध्ये अंजनेरीचं सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झालं. कड्यांवरच्या गिधाडांनाही त्याचा आधार मिळाला. तरी पुढे मुळेगावच्या बाजूने वर गाडीरस्ता न्यायचा आणि ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवे उभारायचा, असे प्रस्ताव आलेच. निसर्गप्रेमींनी त्यांना विरोध केला. कंद कुंडीत लावून जगवता येतो आणि तशी बागही हवीच. पण कुंडीला पठारावरची माशी कुठून आणणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या डोंगरावर खांब रोवायचा असो की रस्ता काढायचा, वनस्पतींची पाहणी मे महिन्यात करू नये. श्रावणात यावं, गुडघाभर गवतात, छत्री उलटी करणाऱ्या वाऱ्यात. मेमध्ये त्या जागेचा अहवाल एका ओळीत होईल: गवत, वाळलेलं.