एका फाइलची दोन नावे

चेन्नईच्या दक्षिण भागातील शोळिंगनल्लूर आज संगणक-उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. त्याच्या तमिळ नावातील एक वर्ण मराठीत नाही. तो देवनागरीत दाखविण्यासाठी 'ळ'खाली नुक्ता देऊन 'ऴ' लिहितात. हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते : एका स्वतंत्र संकेताने, किंवा 'ळ' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु अशा दोन रूपांत 'शोऴिंगनल्लूर' या नावाच्या दोन फाइली केल्या, तर लिनक्स ही कार्यप्रणाली त्या भिन्न मानते. मॅकिंटॉश संगणकांवर १९९८ साली आलेली 'एचएफएस प्लस' ही साठवण-पद्धती मात्र नुक्ता नेहमी वेगळा करून ठेवीत असल्यामुळे तिच्या लेखी ते नाव एकच ठरते.

यावरून वाचकाच्या लक्षात येईल की, दोन नावे एक की भिन्न हे त्यांच्या दिसण्यावर नव्हे, तर त्या त्या प्रणालीच्या नियमांवर अवलंबून असते. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे लिनक्स वेगळी मानते. विंडोज सामान्यतः मानीत नाही. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये नावाला आठ व त्याच्या पुच्छाला तीन अक्षरांची मर्यादा होती. विंडोजमध्ये ती १९९५ साली सैल झाली. युनिक्समध्ये मार्गातील नावे ज्या तिरक्या रेघेने विलग करीत, ती डॉसमध्ये आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. म्हणून १९८३ साली तेथे उलट दिशेची रेघ आली.

हे भेद क्षुल्लक नव्हेत. केवळ मोठ्या-लहान अक्षरांचा फरक असलेले दोन अहवाल लिनक्सवरून विंडोजवर नेले, तर दुसरा पहिल्यावर लिहिला जाऊन पहिल्यातील मजकूर नष्ट होऊ शकतो. उलटपक्षी, विंडोजवर सुरळीत चालणाऱ्या आज्ञावलीला लिनक्सवर आपलीच फाइल सापडत नाही.

म्हणून अनेक प्रणालींवर चालावयाच्या आज्ञावलीने फाइलींची नावे लहान रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांपुरतीच मर्यादित ठेवावीत. मार्गातील नावे जोडण्याचे काम भाषेतील तयार सुविधेवर सोपवावे. 'शोऴिंगनल्लूर' यासारखे अर्थपूर्ण नाव फाइलीच्या आतील मजकुरात नोंदवावे. तेथे ते प्रणालीच्या नियमांपासून सुरक्षित राहते.