आई, मी आणि ग्रे गार्डन्स

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लेक कॉलेजातून घरी आली होती. जेवणं उरकली, माझी आई तिच्या खोलीत झोपायला गेली आणि आम्ही दोघी एकच पांघरूण घेऊन सोफ्यावर सिनेमा बघायला बसलो. लेकीनं लावला 'ग्रे गार्डन्स'. संपल्यावर टीव्ही बंद करता करता ती सहज म्हणाली, "आई, हे तू आणि आजी आहात."

मला रागच आला. "काहीतरीच काय! आपल्या घरात काय मांजरांचा सुळसुळाट आहे?"

"मी मांजरांबद्दल बोलत नाहीये," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोष्ट खरी आहे आणि आपल्यापासून फार लांबची नाही. न्यू जर्सीतून निघालं की तीनेक तासांत, लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला ईस्ट हॅम्प्टन लागतं. तिथे समुद्राजवळ ग्रे गार्डन्स नावाचं मोठं घर आहे. त्यात राहायच्या एडिथ बूव्हिए बील आणि तिची मुलगी. मुलीचंही नाव एडिथच, म्हणून एक 'बिग ईडी' आणि दुसरी 'लिटल ईडी'. बिग ईडी म्हणजे जॅकी केनेडीची सख्खी आत्या. आईला गाण्याचं वेड, मुलीला रंगभूमीचं. नवरा वकील होता, तो सोडून गेला आणि हळूहळू पैसाही आटला. मुलगी न्यूयॉर्कला नशीब काढायला गेली होती, ती १९५२ मध्ये आईजवळ परत आली. ती मग आई जिवंत असेपर्यंत तिथून हलली नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या घराची पडझड होत गेली. बाग रानासारखी वाढली, माळ्यावर रकून शिरले, मांजरांची गणती राहिली नाही. इतक्या खोल्यांपैकी वापरात उरली जवळजवळ एकच. तिथे दोन खाटा, आणि त्या खाटांवरच खाणं, गाणं, भांडण. १९७१ मध्ये आरोग्य खात्याची माणसं दारात आली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. मग जॅकी आणि तिचे पती ओनॅसिस यांनी पैसे देऊन घर साफ करून घेतलं, तेव्हा कुठे त्या दोघींना तिथे राहता आलं.

मेझल्स बंधूंनी १९७५ मध्ये या मायलेकींवर माहितीपट काढला. आम्ही पाहिला तो मात्र २००९ सालचा, एचबीओचा, नटनट्यांचा सिनेमा. आईच्या कामाला जेसिका लँग, मुलीच्या कामाला ड्रू बॅरीमोर. दोघी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचं सगळं करतात. जेसिका लँगला त्यासाठी एमी मिळालं आणि ड्रू बॅरीमोरला गोल्डन ग्लोब. पण बक्षिसांपेक्षा मला लक्षात राहिलं ते दोघींचं बोलणं. मुलीचं पालुपद असं, की न्यूयॉर्कमध्ये माझं जमत आलं होतं आणि नेमकं तेव्हाच आईनं बोलावून घेतलं. आईचं म्हणणं निराळंच. उद्या जाते, या हिवाळ्याआधी जाते, असं मुलगी म्हणत राहते आणि जात नाही. आईही जा म्हणत नाही. कोणी कोणाला धरून ठेवलंय, हे शेवटपर्यंत कळत नाही. इथले लोक याला को-डिपेंडन्सी म्हणतात. आपण याला म्हणतो, 'किती करते हो आईचं!'

आता आमच्या घरातलं सांगते. २०१० मध्ये बाबा गेले आणि मी आईला इकडे आणलं. साताऱ्यात तिनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लूनावरून शाळा, बँक, मंडई, सगळं तिचं तीच करायची. इथे आल्यावर तिला दुधाची पिशवी आणायलाही माझी गाडी लागायला लागली. आमच्या रस्त्याला धड फूटपाथसुद्धा नाही. चार-सहा वर्षांत माझी कर्तबगार आई दुपारी साडेबाराला दाराकडे डोळे लावून बसणारी बाई झाली. कारण साडेबाराला मी ऑफिसमधून जेवायला घरी यायचे. रोज. जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं, मधे तिच्यासोबत पोळी-भाजी. मी घरी नसले तर ती एकटी जेवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. सांगताना थोडा अभिमानही असायचा.

सहा वर्षांपूर्वी मला वरची जागा देऊ केली होती. महिन्यातून चार दिवस शिकागोला जावं लागणार होतं. मी नाही म्हटलं. 'आईमुळे', असं नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, मंडळाच्या कोजागिरीलाही सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. आपल्याकडे या कारणाला उलट प्रश्न कोणी विचारत नाही.

सिनेमा पाहिल्यावर त्या रात्री पहिल्यांदा मी स्वतःला विचारलं, खरंच आईमुळे? त्या जागेवर मला माझ्याहून दहा वर्षांनी लहान, फाडफाड बोलणाऱ्या मंडळींसमोर उभं राहायचं होतं. मला त्याची भीती वाटत होती. आई हे कारण हाताशी होतं आणि ते खोटं आहे असं कोणी म्हणणार नव्हतं. लिटल ईडीला मी सिनेमाभर मनात हसत होते, ते असं माझ्याकडेच वळलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला सिनेमा दाखवला. इंग्रजी तिला कळतं, पण त्यांचे उच्चार कळत नाहीत, म्हणून मधे मधे थांबवून मी सांगत होते. ती शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "त्या म्हातारीला कोणी विचारलं का, पोरगी गेली तर तुला चालेल का म्हणून?"

"ती नाहीच म्हणाली असती."

"विचारलं का, ते सांग."

मी गप्प. थोड्या वेळानं तिनंच विषय काढला. देवळात भेटणाऱ्या एक गुजराती बाई तिला दोन वर्षांपासून त्यांच्या ॲडल्ट डे केअरला चल म्हणत होत्या. सकाळी व्हॅन न्यायला येते, दुपारी आणून सोडते, जेवण आपल्या पद्धतीचं. हे मला माहीत होतं. मीच त्या बाईंना परस्पर सांगून टाकलं होतं, "आईला नाही हो आवडणार असलं काही." आई म्हणाली, "मला जायचं होतं. पण म्हटलं, मी गेले तर तू दुपारची धावत घरी येतेस ती कोणासाठी येशील? तुला एकटीला जेवायची सवय नाही."

म्हणजे चौदा वर्षं ती माझ्यासाठी दाराशी बसत होती आणि मी तिच्यासाठी धावत होते. दोघींनाही दुसरीची दया येत होती.

जानेवारीत व्हॅन आली. पहिल्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि मी ऑफिसमधून तीन वेळा फोन केला. तिनं उचलला नाही. संध्याकाळी म्हणाली, "अगं, रमी चालली होती." मला हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला. त्या आठवड्यात मी ऑफिसातल्या टेबलावर डबा उघडून बसायचे आणि घास उतरायचा नाही. तिचं बरोबरच होतं, सवय मलाच नव्हती.

सगळं एकदम सुधारलं असं मुळीच नाही. मला उशीर झाला तर आई अजूनही जागी असते. मार्चमध्ये तिचा गुडघा दुखावला तेव्हा मी लगेच ठरवून टाकलं, की आता डे केअर बंद. तिनं ऐकलं नाही. आणि आईचं करणं हा काही आजार नाही, हेही मला इथल्या पुस्तकी लोकांना सांगावंसं वाटतं. तिला गोळ्या काढून देणं, डॉक्टरकडे नेणं, तिच्याजवळ नुसतं बसणं, हे मी आनंदानं करते. फरक एवढाच, की आता तिच्या वतीनं 'तिला नाही आवडणार' असं सांगायच्या आधी मी तिला विचारते. कधी कधी विसरते. मग ती आठवण करून देते.

बिग ईडी १९७७ मध्ये गेली. सगळ्यांना वाटलं असणार, आता या मुलीचं कसं होणार. साठीला पोचलेली लिटल ईडी पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका क्लबात गायला उभी राहिली. १९७९ मध्ये तिनं घर विकलं, तेही पाडायचं नाही या अटीवर. शेवटची वर्षं फ्लोरिडात काढून २००२ मध्ये, ८४व्या वर्षी ती गेली. म्हणजे आईच्या मागे ती पंचवीस वर्षं जगली, आणि स्वतःची स्वतः जगली. जिला एकटीला जमणार नाही म्हणत होते, तिला जमलं. हे त्या दोघींना आधी कळलं असतं तर, असं माझ्या मनात येत राहतं.

शिकागोची ती जागा पुन्हा काही चालून आली नाही. पण दुसरी एक छोटी जबाबदारी मी मागून घेतली आहे आणि हा लेख तुमच्या हातात पडेल त्याच्या आदल्या आठवड्यात मी चार दिवस तिकडे असेन. फराळाचं काय, या काळजीनं मी भाजणी आधीच आणून ठेवायला निघाले होते.

"राहू दे," आई म्हणाली. "व्हॅनवाल्याला सांगितलंय मी. येताना दुकानाशी थांबतो तो."