पुण्याची वेळ, कोलकात्याचं नाव

रविवारी सकाळी कोथरूडच्या घरी, चहा निवेपर्यंत, मी कॉन्फिगरेशनवर मराठीत टिपणं लिहितो. तीन महिन्यांत जेमतेम दुसरं प्रकरण! अडलोय टाइमझोनवर. पुण्यातल्या सर्व्हरला इथली वेळ सांगायची तर सेटिंगच्या फाइलीत 'एशिया/कोलकाता' लिहायचं. पुणे टाइमझोनच्या यादीत नाहीच. (पुणेकरांनी हे खपवून कसं घेतलं?) भारतभर वेळ एकच, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून एकाच मोठ्या शहराचं नाव. जुनं 'कलकत्ता'ही चालतं, जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून. तीच ओळ 'युरोप/लंडन' केली की तोच प्रोग्रॅम लंडनची वेळ दाखवतो. कोडला हात न लावता वागणूक बदलते, ती अशी. पुढचं प्रकरण पासवर्डचं: तो या फाइलीत उघडा का ठेवू नये. शीर्षक तेवढं सुचलंय.